आठ टाक्यांची सुनंदाबाय

सुनंदाबायने आयुष्यात कधी फोनवर ‘हॅलो’ म्हटलं नसावं. फोन उचलला की ती म्हणायची, “सुनंदा, साखळी ऑफिस, बोला.” समोरच्याचं बोलून झालं की त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवायची. “म्हणजे तीन चहा, एकात साखर नाय, पावणेपाचला. बरोबर?” खालचा हॉटेलवाला सुरुवातीला कावायचा. “बाय, रोजचोच चाय, रोज कित्याक विचारतात?” पण त्याच्या हॉटेलातून आमच्याकडे चुकीचा चहा कधी आला नाही, आणि शेजारच्या विम्याच्या ऑफिसात मात्र दिवसाआड जायचा. पुढे पुढे बायचं ‘बरोबर?’ ऐकल्याशिवाय तोच फोन ठेवेनासा झाला.

मी गडहिंग्लजचा. पुण्यात बारा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांतून सॉफ्टवेअर केलं आणि बायकोला डिचोलीच्या शाळेत नोकरी लागली म्हणून घाट उतरलो. साखळीच्या बाजारात, पावाच्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर सहा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे असं कळलं तेव्हा मनात म्हटलं, चला, इथे आपणच वाघ. पहिल्याच दिवशी मालकांनी मला एका पन्नाशीच्या बाईंपुढे नेऊन उभं केलं. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, समोरचा कॉम्प्युटर बंद आणि हातात पेन्सिल. “ह्या सुनंदाबाय. आमची सगळी रचना ह्यांची. तुम्ही ह्यांच्या हाताखाली.” माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं असणार, कारण बाय लगेच म्हणाली, “बस रे घाटावरच्या. तोंड मागीर वाकडा कर, आधी चहा घे.”

बाय मूळची पेडण्याची. उमेदीची वीस वर्षं तिने डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात वायरलेस सेटवर काढली होती. खाणीवरून ट्रक निघाला, काट्यावर पोचला, धक्क्यावरची बार्ज भरली, असे निरोप दिवसभर इकडून तिकडे द्यायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांनी ट्रक विकले. बायने सेट परत केला, कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा मात्र साहेबांना विचारून घरी आणला, आणि चाळिशी उलटल्यावर म्हापशाच्या कॉम्प्युटर क्लासात मुली शोभतील अशा पोरींशेजारी जाऊन बसली. मी पाहिलं तेव्हाही ती प्रोग्राम आधी त्या वायरलेसच्या वह्यांतच मांडायची. वहीला छापील रकाने होते: वेळ, कोणाकडून, कोणाला, निरोप, पोच. पोचेचा रकाना रिकामा असला तर ती पुढच्या ओळीवर जायची नाही. पुण्यात मी जे जाड इंग्रजी पुस्तकांतून शिकलो होतो ते ह्या बाईला पाच रकान्यांतून कळलं होतं, आणि हे कबूल करायला मला वर्ष लागलं. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, लवकर कबूल करीत नसतो.

आमच्याकडे तेव्हा पेडण्याच्या आठ गावांच्या नळयोजनेचं काम नुकतंच आलं होतं. नदीकाठी पाणी शुद्ध करायचं, डोंगराच्या धारेने एकच मोठी पाइपलाइन, आणि तिच्यावर आठ गावांच्या आठ टाक्या. शेवटची टाकी चिरेमाळची, सगळ्यांत उंचावर. चिरेमाळ म्हणजे बायचं माहेर आणि बायचं घर, कारण लग्न तिने केलंच नव्हतं. दर शनिवारी स्कूटर घेऊन ती भावाकडे जायची. एरवी तिथे पाणी रडतखडत तरी यायचं, पण चवथीला, म्हणजे गणपतीत, हमखास नाही. चवथीला मुंबईपासून आखातापर्यंत पांगलेलं सगळं गणगोत घरी येतं, आधीच्या सात गावांतले पाणीवाले भीतीपोटी आपापला व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवतात, आणि टोकाच्या चिरेमाळला नळातून नुसता वारा.

“घरात गणपती बसलेलो,” बाय एकदा म्हणाली, “आनि आमी बायलमाणसां कळश्यो घेऊन खालच्या झरीवर रांगेत. आवय माझी तशीच म्हातारी झाली. आता भावजय त्याच वाटेर आसा. एका चवथीक नळाक पाणी येऊंदे, मागीर माझी नोकरी गेली तरी चलता.” हे ती हसत हसत बोलली. पण मला तेव्हाच कळलं की ह्या बाईला त्या अख्ख्या योजनेतलं दुसरं काही नको आहे.

पहिल्याच आठवड्यात मी माझा आराखडा मांडला. साखळीत एक दणकट सर्व्हर, आठही टाक्यांची माहिती त्याच्यात, व्हॉल्व तिथूनच उघडायचे आणि तिथूनच मिटायचे. गावातल्या पाणीवाल्याच्या मोबाइलवर नुसतं चित्र. बायने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे चिरेमाळच्या टाकीत पाणी किती, ह्या टाकीपेक्षा साखळीक जास्त कळतला?”

म्हटलं, “साखळीत नोंद असेल ना.”

“नोंद शिळी झाली तर? मधली लाइन गेली तर?”

“लाइन येईपर्यंत थांबायचं.”

“चवथीक?” ती म्हणाली.

तिची रचना नेमकी उलटी होती. प्रत्येक टाकीजवळ पत्र्याच्या पेटीत एक छोटा कॉम्प्युटर. त्या टाकीचं सगळं सॉफ्टवेअर तिथेच राहणार: पाणी किती आहे, किती लागणार, व्हॉल्व उघडा की मिटलेला. साखळीच्या सर्व्हरवर टाकीचा फक्त एक मुखत्यार. ऑफिसातून किंवा पाणीवाल्याच्या मोबाइलवरून कोणी काही विचारलं की मुखत्यार ते टाकीकडे नेणार, टाकीचं उत्तर आणून देणार, पदरचं एक अक्षर घालणार नाही. ह्याला पुस्तकात डिस्ट्रिब्युटेड ऑब्जेक्ट म्हणतात. बाय म्हणायची, “शेजारणीच्या रांदचे कुडीत, चुलीपाशी, शिरून टोपावरचा झाकण आपण काडूचा नाय. दारातून विचारूचा. ती सांगतली.” वर तिने प्रत्येक पेटीवर एक लहानसा रेडिओही बसवायला लावला, म्हणजे मोबाइलचं नेटवर्क नसलं तरी एका टाकीने पुढच्या टाकीशी थेट बोलावं. मी हसलो. म्हटलं, “बाय, आजकाल रेडिओ कोण वापरतं? नेटवर्क सगळीकडे आहे.”

“तू अजून पेडण्यातली चवथ बघूक नाय,” ती म्हणाली.

गावांना ही रचना पटली ती मात्र माझ्या मूर्खपणामुळे. योजनेच्या सभेत मी पडद्यावर आठ टाक्या दाखवल्या, पाइपलाइनच्या क्रमाने एक ते आठ आकडे घालून. मग तीन नंबरच्या गावचे एक गृहस्थ उठले. “आमी तिसरे हे कोणी ठरयला? पालखी आमच्या दारातसून पयली फिरता.” पाच नंबरवाल्यांनी सांगितलं की देवळातला पहिला नारळ त्यांचा असतो. चिरेमाळवाले तर आठाचा आकडा बघून खुर्च्या सरकवून उभेच राहिले. आठ गावांच्या समितीचे अध्यक्ष पुंडलिकबाब, म्हणजे पांढरा शर्ट, कडक इस्त्री आणि आवाज त्याहून कडक. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि मला विचारलं, “साहेब, तुमी पाणी घेऊन इलात काय भांडणां?”

आकडा नुसता कॉम्प्युटरला लागतो हो, असं मी कसंबसं म्हणत होतो तोवर बाय उठली. तिने माझा पडदा बंद केला आणि तोंडपाठ बोलायला लागली. एकेका टाकीचं नाव, वाड्यासकट, तिथल्या देवतेसकट, कोणाला पहिलं-दुसरं न म्हणता. सगळी आठ नावं झाल्यावर म्हणाली, “कॉम्प्युटराक आकडो लागणा नाय, नाव लागता. नावान साद घातली की टाकी ओ देतली. आनि तुमच्या टाकीचो व्हॉल्व तुमचीच टाकी उघडतली. साखळीसून कोण हात लावचो नाय. शेजारची टाकी मागूक येतली, घेऊक नाय.”

“म्हणजे चावी आमच्याकडेच?” पुंडलिकबाबांनी विचारलं.

“चावी तुमच्या टाकीकडे.”

सभेने माना डोलावल्या. इतकी अवघड रचना इतक्या पटकन मंजूर झालेली मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. त्यानंतर दोन दिवस मी सगळ्या प्रोग्राममधले आकडे उपटून नावं घालत बसलो होतो.

बाय रागवायची कशी, ते मला मे महिन्यात कळलं. एका गावची टाकी आम्ही चाचणीला घेतली होती. पाण्याची पातळी मोजणारं यंत्र तिच्यावर अजून बसायचं होतं, म्हणून व्हॉल्व मी ऑफिसातून वेळ सांगून चालवत होतो. मी निरोप पाठवला, ‘आणखी वीस मिनिटं उघडा ठेव’. पोच आली नाही. आता पोच नाही म्हणजे निरोप गेलाच नाही, असं कोणालाही वाटेल. मी पुन्हा पाठवला. पुन्हा पोच नाही. तिसऱ्यांदा पाठवला आणि जेवायला गेलो. निरोप तिन्ही पोचले होते, वाटेत अडकल्या होत्या त्या पोचा. टाकी तासभर भरत राहिली, ओसंडली, आणि तिच्या खालच्या अंगणात शेवंतीबाय नावाच्या विधवा बाईंनी वर्षाची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातली होती ती सगळी वाहून गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणभर लाल पाणी होतं आणि त्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

मी म्हटलं, “नुकसान किती झालं ते सांगा, कंपनी भरून देईल.” बायने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच विरघळलो. “सोलां बाजारातसून आणून हिच्या बरणीत भरतलस? तिका ती खंयच्या झाडाची ती ठाऊक असतत.” मग तिने मला शनिवार-रविवार दोन दिवस शेवंतीबायच्या अंगणात बसवलं. आम्ही तिघांनी त्यांच्याच झाडांची उरलेली भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, उतरवली, कापली, बिया काढल्या, सालं पसरली. माझे हात आठवडाभर लालेलाल. शेवंतीबाय दुसऱ्या दिवशी एवढंच बोलल्या, “शिकलेलो दिसता, पण भिरंड कापूक येणा नाय.” पण जाताना पानात बांधून फणसाचे गरे दिले, म्हणजे माफी झाली असावी.

परतताना बायने स्कूटर देवळापाशी थांबवली. तिथे कुठल्या तरी घरचं गाऱ्हाणं चाललं होतं. गावकर देवापुढे हात जोडून उभा: कोण मागतंय, कुठला, काय मागतोय, कोणासाठी, सगळं नावानिशी. प्रत्येक वाक्याला भोवतालची माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती, आणि ते आल्याशिवाय तो पुढचं वाक्य उचलत नव्हता.

“बघितलस?” बाय हळू आवाजात म्हणाली. “नाव, गाव, मागणा, आनि दर वाक्याक पोच. पोच नाय इली तर काय समजूचा?”

“निरोप गेला नाही.”

“नाय. काय झाला ता आपणाक ठाऊक नाय, एवढाच समजूचा. ठाऊक नसताना परत मागूचा तर असा माग, की देवान दोनदा ऐकला तरी एकदाच करूचा लागात. आणखी म्हणू नको, किती ते म्हण.”

हे एवढं वाक्य. ‘आणखी वीस मिनिटं’ हे तीनदा ऐकलं तर साठ होतात. ‘टाकी ह्या खुणेपर्यंत भर’ हे तीनदा ऐकलं तरी टाकी त्याच खुणेला थांबते. सोमवारी मी आमच्या सगळ्या निरोपांतून ‘आणखी’ काढून टाकलं. मोठमोठ्या कंपन्यांत ह्यावर दिवसदिवस बैठका घेतलेला माणूस मी, आणि ती गोष्ट मला देवळाच्या पायरीवर, हाताला कोकमाचे डाग असताना समजली.

सोलांची गोष्ट समितीपर्यंत गेलीच. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला काम द्यावं असं म्हणणारे तिथे होतेच, त्यांना आयतं कोलीत मिळालं. पुंडलिकबाब आमच्या ऑफिसात आले, खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. “सुनंदा, सरळ सांगतंय. हे चवथीक आठय टाक्यो भरूक जाय. एक जरी नळ सुको रवलो, तर दुसऱ्या दिसा तुमच्यो पेट्यो काडून घेऊन जायात. काम दुसऱ्यांक.”

बायने पेन्सिल उचलली. “आठ टाक्यो, चवथीच्या दुपारपर्यंत, एकय सुको नळ नाय. नायतर पेट्यो काडूच्यो. बरोबर?”

“बरोबर,” पुंडलिकबाब म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दांत बांधले गेल्यासारखे जरा अवघडून जिना उतरले.

श्रावणभर बायने आम्हाला नुसतं पिडलं. भर दुपारी, कोणाला न सांगता, ती सर्व्हरजवळ जायची आणि बटण बंद करायची. मग स्टुलावर बसून बघायची, टाक्या आपापल्या चालताहेत का. कधी सर्व्हर चालू ठेवून एखाद्या पेटीची तारच सोडवायला लावायची, आणि त्यात पहिल्याच खेपेला मी अडकलो. झालं होतं असं, की टाकीकडून उत्तर यायला उशीर झाला तर पडदा रिकामा दिसू नये म्हणून मी मुखत्यारापाशी शेवटच्या उत्तराची एक नक्कल ठेवली होती. दिसायला छान. बायने चिरेमाळच्या पेटीची तार सोडवून ठेवायला भावाला सांगितलं होतं आणि माझा पडदा तीन तास दिमाखात सांगत होता, चिरेमाळ भरलेली आहे. तिकडे भाऊ रिकाम्या टाकीवर बसून होता.

“मुखत्यार खोटा बोललो,” बाय म्हणाली. आवाज चढवला नाही. “माझ्या आवयक वीस वर्सां असाच सांगत होते, वर पाणी सोडलेला आसा म्हणून. तिका कळशी घेऊन जावचाच लागला. ठाऊक नाय तर ठाऊक नाय म्हण रे. त्यात लाज कसली?”

मी ती नक्कल पुसली. त्या दिवसापासून टाकीशी बोलणं झालं नाही तर पडद्यावर दोनच शब्द यायचे, ‘माहीत नाही’. दिसायला भिकार, पण खरं.

आणि मग चवथ आली. बाय चार दिवस रजा घेऊन चिरेमाळला. माझ्या घरचा गणपती गडहिंग्लजला, आणि तिकडे मी गौरीच्या दिवशी जाणार होतो, म्हणून ऑफिस सांभाळायला मी एकटा. सकाळी आठला सगळं ठीक होतं. साडेनऊला पहिली ओळ बदलली: ‘माहीत नाही’. मग दुसरी. दहा वाजता आठही टाक्यांपुढे तेच दोन शब्द. मी बायला फोन लावला, लागेना. पाणीवाल्यांना लावला, लागेना. पुंडलिकबाबांना लावायची हिंमत झाली नाही. आता आठ गावांतलं कोणी तरी व्हॉल्व उघडा टाकून बसलं असेल, चिरेमाळच्या बायका झरीवर निघाल्या असतील, आणि उद्या पेट्या काढायला मलाच जावं लागेल, हे सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. ऑफिसला कुलूप घातलं आणि मोटरसायकल काढली.

पेडण्यात शिरल्यावर मला नेटवर्क का नाही ते समजलं. जो तो दारात, ओसरीवर, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली मोबाइल उंच धरून उभा. दुबईतल्या भावाला गणपती दाखवायचा, लंडनमधल्या लेकीला आरती दाखवायची. अख्खा तालुका एकाच वेळी व्हिडिओवर. एका गावात गाडी थांबवून विचारलं, “पाणी आहे का हो नळाला?” तर तो गृहस्थ मोबाइल माझ्याकडे वळवून पलीकडच्याला म्हणाला, “हो बघ, घाटावरचो पण दर्शनाक इलो.”

चिरेमाळला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. बायच्या घरी गेलोच नाही, सरळ चढावरून टाकीकडे धावलो. टाकीच्या भिंतीला हात लावला. गार. शिडी चढून वर डोकावलो तर पाणी काठोकाठ, खुणेला टेकलेलं, आणि व्हॉल्व आपला आपण मिटलेला. पेटी उघडून आतला छोटा पडदा पाहिला. पहाटेपासूनचे निरोप ओळीने होते, बायच्या त्याच पाच रकान्यांत. साखळीशी बोलणं तुटल्यावर चिरेमाळच्या टाकीने रेडिओवरून खालच्या टाकीला नावाने हाक मारली होती, मला ह्या खुणेपर्यंत पाणी हवंय. तिने तिच्या खालच्या टाकीला. ज्यांचं भरत आलं होतं त्यांनी आपापले व्हॉल्व मिटले होते, ज्यांचं व्हायचं होतं त्यांनी ‘अजून नाही’ सांगितलं होतं, आणि थोड्या वेळाने मिटले होते. दोन ठिकाणी पोच आली नव्हती, निरोप पुन्हा गेला होता, काम एकदाच झालं होतं. साखळीतून कोणी काही केलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. मला तिथे शिडीवर रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

खाली आलो. बायच्या अंगणात तीसेक माणसं. बायका खतखत्याला भाज्या चिरताहेत, नेवऱ्या तळल्या जाताहेत, पोरं नळाखाली नाचताहेत. बाय पाटावर बसून अळूची पानं धूत होती. मी धापा टाकत सांगितलं, “बाय, भरली. काठोकाठ.” तिने मान वर केली. “ठाऊक आसा. सकाळपासून तीन टोप धुतलंय.” मी वाट पाहत राहिलो की आता कोणी तरी पाण्याविषयी बोलेल. कोणाचा मुलगा कधी आला, माटोळीला ह्या वर्षी कोणी काय बांधलं, कोणाच्या नेवऱ्या फुटल्या, सगळं बोलून झालं. पाण्याचं नाव नाही. मला राग यायला लागला. म्हटलं, “अहो, कोणी तरी म्हणा की काही!”

बाय हसली. “नळाक पाणी इला म्हणून कोण बोलता रे? बोलले असते तर समज, काय तरी चुकला.”

तेवढ्यात पुंडलिकबाब आले. स्वतःच्या घरचा गणपती सोडून, सोवळ्यावर शर्ट चढवून, स्कूटरवर. म्हणाले, बाकीची सातही गावं बघून आलो. ओसरीवर न चढता ते सरळ अंगणातल्या नळापाशी गेले, पोरांना बाजूला सारून ओंजळ धरली, पाणी प्यायले, तोंडावर मारलं. मग ओल्याच तोंडाने म्हणाले, “पेट्यो रावंदी, सुनंदा.” प्रसाद घेऊन निघताना वळून पुन्हा म्हणाले, “सगळ्यो पेट्यो, हंयच रावंदी. बरोबर?”

“बरोबर,” बाय म्हणाली.

त्यानंतर बाय ऑफिसात आली नाही. निवृत्तीचा अर्ज तिने रजेवर जातानाच मालकांच्या टेबलावर ठेवला होता, हे मला चार दिवसांनी कळलं. वह्यांचा उरलेला गठ्ठा माझ्या खुर्चीवर होता. ती योजना आजही तशीच चालते, आणि मी आजही त्याच पावाच्या भट्टीवर बसतो. फोनवर बोलत असते तशी ती मधूनमधून. पण माझ्या डोळ्यांपुढची सुनंदाबाय ती त्या दुपारची.

पुंडलिकबाब उताराखाली दिसेनासे झाल्यावर ती पाटावरून उठली. पदर खोचला, नळाला प्लास्टिकची नळी लावली आणि तोटी पूर्ण सोडली. आधी माझी चिखलाने माखलेली मोटरसायकल धुतली. मग पायऱ्या धुतल्या, त्या आधीच धुतलेल्या होत्या. मग तुळशीभोवतीचं अंगण, मग बाहेरचा रस्ता, मग रस्त्यापलीकडची गडग्याची दगडी भिंत. पाणी उतारावरून खळाळत खाली, सात गावांच्या दिशेने निघालं. भिजलेली पोरं तिच्यामागे आरडत फिरत होती. तिची भावजय चुलीपासून धावत बाहेर आली, हातात झारा तसाच, आणि जन्मभराच्या सवयीने ओरडली, “पाणी, पाणी! वन्सं, नळ बंद करा गो!”

बायने नळी आणखी उंच धरली. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलंसुद्धा नाही.

“रावंदी गो,” ती म्हणाली. “आज पाणी व्हांवंदी.”